पोटगीचा आकडा कसा काढायचा आणि तो कागदावर कसा आणायचा: घटस्फोटाच्या तडजोडीआधीची तयारी

"पगाराच्या किती टक्के पोटगी बसते?" फॅमिली कोर्टाच्या आवारात, वकिलाच्या ऑफिसात, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळीकडे पहिला प्रश्न हाच. उत्तरही ठरलेलं: पंचवीस टक्के. कुणी छातीठोकपणे तेहतीस सांगतं, कुणी "निम्मं घर तर मिळतंच" म्हणून मोकळं होतं. कायद्यात यातलं काहीच लिहिलेलं नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २५ काढून वाचा. दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, वागणूक आणि प्रकरणाची परिस्थिती पाहून न्यायालयाला योग्य वाटेल ती रक्कम, इतकंच तिथे आहे.

म्हणजे आकडा कागदांवर ठरतो. आणि ठरलेला आकडा दर महिन्याला खात्यात पडतो की नाही, हे तडजोडीच्या अटी कशा लिहिल्या त्यावर. पहिल्या गोष्टीसाठी लोक थोडी तरी मेहनत घेतात. दुसरीकडे जवळजवळ कुणीच बघत नाही, म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

पुढच्या उदाहरणात पोटगी मागणारी पत्नी आणि देणारा पती धरला आहे, कारण बहुतेक प्रकरणं तशीच असतात. पण कलम २४ आणि २५ खाली पतीलाही पोटगी मागता येते. नांदेडच्या न्यायालयाने शिक्षिका असलेल्या पत्नीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यायला सांगितली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये ते कायम ठेवलं.

पायरी १: कोणत्या कायद्याखाली मागायची

इथे फार वेळ घालवू नका, वकील सांगेलच. पण नावं ओळखीची असू द्या. घटस्फोटाचा दावा चालू असताना कलम २४ ची अंतरिम पोटगी, निकालाच्या वेळी किंवा नंतर कलम २५ ची कायम पोटगी. घटस्फोट न मागताही पोटगी मागता येते: पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. हे कलम सर्व धर्मांना लागू आहे. घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही ते लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २० खाली आर्थिक दिलासा मिळतो. विशेष विवाह कायद्याने, म्हणजे रजिस्टर पद्धतीने लग्न झालं असेल तर कलम ३६ आणि ३७. मात्र तिथे पोटगी फक्त पत्नीला मागता येते.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले म्हणून तीन पोटग्या मिळत नाहीत. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वळती होते, आणि आधीच्या आदेशाची माहिती पुढच्या न्यायालयाला द्यावीच लागते. लपवलीत तर विश्वास जातो, आणि तो परत मिळत नाही.

गोव्यात लग्नाची नोंद झाली असेल तर गणितच वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक मानली जाते आणि फारकतीच्या वेळी निम्म्या वाटणीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात तसं नाही. इथे फ्लॅट ज्याच्या नावावर त्याचा, हप्ते कुणी फेडले हे वेगळं सिद्ध करावं लागतं. "निम्मं घर मिळतंच" ही समजूत बहुधा तिकडून किंवा अमेरिकेतल्या चुलतभावाकडून आलेली असते.

पायरी २: कागद जमवा, वाद नंतर

४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निकाल दिला. प्रकरण मूळचं नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. तेव्हापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यावं लागतं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. तुम्ही कोर्टात भांडणार नसाल, आपसात मिटवणार असाल, तरी हा नमुना मागवा आणि दोघांनी भरा. बोलणी खरं तर तिथूनच सुरू होतात.

नोकरदारासाठी: सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र, सगळ्या खात्यांचे तीन वर्षांचे स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, म्युच्युअल फंड आणि डीमॅटचा उतारा, कर्जाची कागदपत्रं. शेतकऱ्यासाठी: सात-बारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, दूध संघाचा हिशेब, सोसायटीचं पीककर्ज. ऊस आणि दुधाचे पैसे बँकेतच येतात, त्यामुळे "शेतीत काही उरत नाही" हे वाक्य स्टेटमेंटसमोर टिकतंच असं नाही.

सगळ्यात अवघड प्रकार धंदेवाल्यांचा. विवरणपत्रात वर्षाला साडेचार लाख दाखवलेले, म्हणजे महिन्याला साडेसदतीस हजार. आता त्याच माणसाचं बँक स्टेटमेंट घ्या आणि फक्त बाहेर गेलेल्या रकमा बघा. गाडीचा हप्ता २४,०००. क्रेडिट कार्डाचं बिल सरासरी ४०,०००. मुलाची शाळा, क्लबची वर्गणी, वर्षातून एक परदेशवारी. महिन्याला साडेसदतीस हजार कमावणारा माणूस एक लाख कसा खर्च करतो? हा प्रश्न उलटतपासणीत विचारायची वेळ सहसा येतच नाही. मध्यस्थीच्या टेबलावर पिवळ्या मार्करने रंगवलेलं स्टेटमेंट नुसतं पुढे सरकवलं तरी समोरचा वकील आपल्या पक्षकाराला बाहेर घेऊन जातो.

उलट बाजूही सांगायला हवी. पत्नी नोकरी करते आणि अर्जात "उत्पन्न शून्य" लिहिते, हे मी नको इतक्या वेळा पाहिलं आहे. भविष्य निर्वाह निधीच्या एका नोंदीने ते उघडं पडतं. कमावत्या पत्नीलाही पोटगी मिळू शकते. तिचं उत्पन्न त्या राहणीमानाला पुरतं का, एवढाच प्रश्न असतो. शिक्षण आहे म्हणजे कमाई आहे असंही होत नाही. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. मग खोटं लिहायचं कशाला?

स्त्रीधन या सगळ्यात मिसळू नका. लग्नातले दागिने, माहेरच्या वस्तू या तिच्याच मालकीच्या आहेत. त्या परत करणं म्हणजे पोटगी देणं नव्हे. त्यांची यादी वेगळी करा, तोळ्यांसकट.

पायरी ३: तीन पद्धतींनी आकडा काढा

एक जोडपं धरू. पुण्यातलं, काल्पनिक. पतीचा पगार १,०५,००० रुपये. आयकर, पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर जाऊन हातात ९०,०००. पत्नी ३८ वर्षांची, एका छोट्या संस्थेत अर्धवेळ, हातात २२,०००. मुलगी सात वर्षांची, आईकडे राहणार. फ्लॅट पतीच्या नावावर, हप्ता २८,०००, राहतोही तोच.

पहिली पद्धत, टक्केवारी. या पंचवीस टक्क्यांचा उगम सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. १९७० मध्ये एका प्रकरणात तो आकडा आला आणि २०१७ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या प्रकरणात पुन्हा उद्धृत झाला. त्या दुसऱ्या प्रकरणात पतीच्या हातात सुमारे ९५ हजार येत होते, उच्च न्यायालयाने २३,००० ठरवले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने, त्याला दुसरं कुटुंब होतं म्हणून, ते २०,००० वर आणले. म्हणजे ज्या निकालाच्या नावाने लोक पंचवीस टक्के मागतात त्यातच शेवटी एकवीस टक्के मिळाले. तरी मोजपट्टी म्हणून घ्या: ९०,००० चे पंचवीस टक्के २२,५००.

दुसरी पद्धत, हिश्श्यांची. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये वापरलेली. घरात येणारा सगळा पैसा एकत्र धरायचा, कमावत्याला दोन हिस्से, बाकी प्रत्येकाला एक. ९०,००० आणि २२,००० मिळून १,१२,०००. पतीचे दोन, पत्नीचा एक, मुलीचा एक, असे चार हिस्से. एक हिस्सा २८,०००. मायलेकींचे ५६,०००, त्यातून पत्नीचे स्वतःचे २२,००० वजा केले की ३४,०००. इथे पत्नीही कमावते म्हणून तिला दीड-दोन हिस्से द्या असाही युक्तिवाद होऊ शकतो. होऊ द्या, तो बोलण्यांचा भाग आहे.

तिसरी पद्धत मला सर्वात भरवशाची वाटते: खर्चाचा तक्ता. वहीत बसून लिहा. भाडं १५,०००. किराणा, भाजी, दूध, गॅस ११,०००. शाळेची फी महिन्याला पाडून ६,५००. स्कूल व्हॅन २,०००. पाळणाघर ४,५००. वीज, मोबाईल, इंटरनेट २,५००. येणं-जाणं २,५००. औषधं आणि आरोग्यविमा ३,०००. कपडे, सणवार, वाढदिवस ३,०००. बेरीज ५०,०००. त्यातून २२,००० गेले, तूट २८,०००.

तीन उत्तरं मिळाली: साडेबावीस, अठ्ठावीस आणि चौतीस हजार. बोलणी या पट्ट्यातच होणार, हे आता दोन्ही बाजूंना दिसतं. पन्नास हजारांची मागणी आणि पाच हजारांचा देकार, दोन्ही आपोआप गळून पडतात.

आता देणाऱ्याच्या बाजूनेही तपासा. ९०,००० तून २८,००० गेले तर ६२,००० उरतात, हप्ता जाऊन ३४,०००. एकट्या माणसाला ओढाताणीचं, पण अशक्य नाही. कर्जाचा हप्ता पगारातून सरळ वजा करून "माझं उत्पन्न बासष्टच हजार आहे" असं म्हणता येत नाही, कारण हप्त्यातून त्याचीच मालमत्ता उभी राहते. आयकर, पीएफ यांसारख्या सक्तीच्या कपाती धरल्या जातात; स्वतःहून घेतलेली कर्जं, पतपेढीची वर्गणी, विम्याचे गुंतवणूकवजा हप्ते यांना न्यायालय सहसा तेवढं वजन देत नाही. आई-वडील खरोखर अवलंबून असतील तर मात्र तो खर्च धरला जातो. त्यासाठी औषधांची बिलं ठेवा, नुसतं सांगू नका.

शेवटचं काम या पायरीतलं: २८,००० ची फोड करा. मुलीचे थेट खर्च १३,०००, भाडं-किराण्यातला तिचा वाटा साधारण १०,०००, मिळून २३,०००. दोघांच्या उत्पन्नाचं प्रमाण जवळजवळ चारास एक, म्हणून बापाचा वाटा ऐंशी टक्के, म्हणजे १८,००० च्या आसपास. उरलेले १०,००० पत्नीचे. ही फोड का? पत्नीने पुन्हा लग्न केलं तर तिची पोटगी थांबवता येते, मुलीची थांबत नाही. एकच मोघम आकडा लिहिलेला असेल तर तेव्हा किती कमी करायचे यावरून पुन्हा कोर्ट.

पायरी ४: दरमहा की एकरकमी

खरी फसगत इथे होते, दोन्ही बाजूंची.

पत्नीचे १०,००० दरमहा, वीस वर्षांसाठी, म्हणजे ती ५८ ची होईपर्यंत धरू. सरळ गुणाकार केला तर २४ लाख. पत्नीकडचे हाच आकडा मांडतात. पतीचा सीए सांगतो, आज पैसे दिले तर ती मुदतठेवीत टाकेल, त्यावर ७ टक्के व्याज येईल. तेव्हा वीस वर्षं महिना १०,००० देण्याची आजची किंमत सुमारे १२.७ लाख. हिशेब बरोबर आहे आणि तरी अपुरा आहे, कारण त्यात दहा हजार वीस वर्षं दहा हजारच राहतात. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत त्यांची किंमत निम्मी होते. पोटगीत दरवर्षी ५ टक्के वाढ धरून तोच हिशेब केला की आजची किंमत येते १८.९ लाख. मी तरी बोलण्यांचा मध्य इथे मानते. एक्सेलमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे. वकिलाला जमत नसेल तर ओळखीच्या सीएकडून करून घ्या.

एकरकमी घेण्याचा मोठा फायदा म्हणजे दर महिन्याच्या सात तारखेला कुणाच्या मर्जीकडे डोळे लावून बसावं लागत नाही. ज्याचा पगार बुडू शकतो, जो धंदा बंद करून दुसऱ्याच्या नावावर उघडू शकतो, जो परदेशी जाणार आहे, त्याच्याकडून दोन लाख कमी आले तरी एकरकमीच घ्यावी. सरकारी नोकर किंवा बँकेतला असेल तर दरमहा चालेल. पोटगीच्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या अंतिम आदेशाच्या, वसुलीत पगाराचा दोन तृतीयांश भागसुद्धा जप्त होऊ शकतो, बाकीच्या कर्जांसारखं ते नाही. मुलांची रक्कम शक्यतो दरमहाच ठेवा. सात वर्षांच्या मुलीचं शिक्षण पुढे कुठे जाईल हे आज कुणाला सांगता येतं?

कराचंही बघा. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची, म्हणून करपात्र नाही आणि दरमहाची पोटगी घेणाऱ्याचं उत्पन्न, ही मांडणी मुंबई उच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकातल्या एका निकालात केली आहे. देणाऱ्याला कसलीच वजावट नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने बहुतेकांना याने फरक पडणार नाही. एकरकमीवर मिळणारं व्याज मात्र उत्पन्नातच धरायचं.

पैशाऐवजी फ्लॅट देण्याघेण्याचं ठरत असेल तर दोन गोष्टी. बँकेला तुमचा घटस्फोट माहीत नसतो आणि तिला त्याच्याशी घेणंही नसतं. दोघं कर्जदार असतील तर हुकूमनाम्यात काहीही लिहा, हप्ता चुकला की दोघांचा सिबिल खराब होणार. म्हणून कर्ज आधी एकाच्या नावावर करून घ्यायचं किंवा फेडायचं, मग फ्लॅट. दुसरं, महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. ही सवलत नात्यावर आहे, तेव्हा दस्ताची तारीख घटस्फोटाच्या आधीची की नंतरची हे नोंदणी कार्यालयात विचारूनच ठरवा. कित्येक लाखांचा प्रश्न असतो.

पायरी ५: बोलणी

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, मध्यस्थी केंद्रही असतं. दोन्ही ठिकाणी बोललेलं गोपनीय असतं. तिथे "मी पंधरा लाख देईन" म्हटलं म्हणून पुढे कोर्टात कुणी ते तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाही. त्यामुळे मोकळं बोला.

आत जाताना मामा-काकांना बाहेर बसवा. त्यांना लग्नातला मानपान अजून आठवत असतो आणि आकड्याची बोलणी अचानक रुखवतावर येऊन अडकतात. एक शांत माणूस सोबत असावा, ज्याला गुणाकार येतो.

क्रम असा ठेवा: आधी मुलांचा ताबा आणि भेटी, मग मुलांचा खर्च, मग स्त्रीधन, आणि सर्वात शेवटी पत्नीची पोटगी. उलटा क्रम लावला की मुलांच्या भेटी हा सौद्यातला माल होतो: "दोन लाख कमी करा, मग सुट्टीत पाठवते." असली वाक्यं एकदा तोंडातून गेली की पुढची दहा वर्षं निस्तरावी लागतात. मुलांच्या पोटगीचा हक्क आई-बापाला सोडून देता येत नाही, हेही लक्षात असू द्या. "मुलीसाठी काही नको, फक्त सही द्या" असं लिहून दिलं तरी उद्या मुलीच्या नावाने अर्ज होऊ शकतो.

आकडा बोलण्याआधी एक कागद स्वतःसाठी करा: मिटलं नाही तर काय? पत्नीसाठी: अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात, तोवर भाडं कोण भरणार? पतीसाठी: रजनेश निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. दीड वर्षाने २०,००० चा आदेश झाला तर ३,६०,००० एकदम भरावे लागतात. वर दोघांच्या वकिलांची फी. हा कागद दाखवायचा नाही, पण खिशात असला की कुठे थांबायचं ते कळतं.

पहिला आकडा कुणी बोलायचा? ज्याच्याकडे तक्ता आहे त्याने. "आम्हाला पस्तीस लाख पाहिजेत" म्हटलं की समोरून "का?" येतं, आणि तिथे गप्प बसावं लागलं तर पस्तीसचे पंधरा व्हायला वेळ लागत नाही. "भाडं इतकं, शाळा इतकी, तूट अठ्ठावीस हजार" म्हटलं की समोरच्याला एकेक बाब खोडावी लागते. पाळणाघराचे साडेचार हजार जास्त वाटतात? ठीक, तुमची आई दुपारी सांभाळणार का मुलीला? अशी बोलणी पुढे सरकतात.

सेलिब्रिटींच्या बातम्या घेऊन येऊ नका. पोटगी म्हणजे घटस्फोटानंतर दोघांच्या संपत्तीची बरोबरी करण्याचं साधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या निकालात विचारात घ्यायच्या बाबी दिल्या आहेत: दोघांची सामाजिक-आर्थिक स्थिती, वाजवी गरजा, शिक्षण आणि नोकरी, सासरचं राहणीमान, घरासाठी सोडलेली नोकरी, देणाऱ्याची ऐपत वगैरे. यातली सोडलेली नोकरी बायका मांडायलाच विसरतात. बाळंतपणानंतर राजीनामा दिला असेल तर त्या राजीनाम्याची ईमेल, तेव्हाची पगाराची स्लिप आणि बरोबरीच्या सहकाऱ्याचा आजचा हुद्दा, हे सगळं फाईलमध्ये लावा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फीही माफ आहे.

पायरी ६: अटी लिहिणं

"पती पत्नीस योग्य ती पोटगी वेळोवेळी देईल." असली वाक्यं मी संमतीच्या अर्जांत वाचली आहेत. यातून एक रुपया वसूल होत नाही. चालणारी अट साधारण अशी दिसते:

"पक्षकार क्र. १ हे पक्षकार क्र. २ यांना दरमहा रुपये १०,००० आणि कुमारी अमुक हिच्यासाठी दरमहा रुपये १८,००० प्रत्येक इंग्रजी महिन्याच्या ७ तारखेपर्यंत खाली नमूद बँक खात्यात जमा करतील. दरवर्षी १ एप्रिलपासून दोन्ही रकमांत आदल्या वर्षीच्या रकमेवर ६ टक्के वाढ होईल. मुदत चुकल्यास थकीत रकमेवर दरसाल ९ टक्के व्याज देय होईल. शाळेच्या फीमधील वाढ आणि रुग्णालयातील दाखल उपचारांचा विम्याव्यतिरिक्तचा खर्च पक्षकार क्र. १ ऐंशी टक्के व पक्षकार क्र. २ वीस टक्के सोसतील."

वाढीची टक्केवारी यात फार महत्त्वाची. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा ५०,००० आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिला. वाढ आदेशातच आली हे उत्तम, पण दोन वर्षांनी ५ म्हणजे वर्षाला अडीच टक्केही नाहीत. शाळेची फी त्या वेगाने वाढत नाही. आपसात ठरवताना जास्त मागा.

सुरक्षा म्हणून काय? कलम २५ मध्येच सोय आहे: देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा ठेवता येतो. गावाकडची जमीन असेल तर सात-बाराच्या इतर हक्कांत तो चढवून घ्या. घेणारा बोजा वाचल्याशिवाय जमीन घेत नाही. शिवाय देणाऱ्याने मुलांना लाभार्थी ठेवून टर्म विमा घ्यावा आणि हप्ता भरल्याची पावती दरवर्षी पाठवावी, अशी अट टाका. विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली विमा काढला तर ती रक्कम त्याला कर्ज दिलेल्यांच्या हातात जात नाही. आरोग्यविम्याचं तर हमखास राहतं: घटस्फोट झाला की पत्नी त्याच्या कंपनीच्या पॉलिसीतून बाहेर पडते. तिची स्वतंत्र पॉलिसी आधी सुरू करा.

एकरकमीचे टप्पे पाडा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात, कलम १३ ब, हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळे पैसे आधी देणारा धोक्यात आणि सगळे नंतर घेणारीही धोक्यात. रूढ मार्ग असा: अर्ज दाखल करताना एक हिस्सा, अंतिम जबाबाच्या दिवशी न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने मोठा हिस्सा. फौजदारी तक्रार रद्द करून घ्यायची असेल तर शेवटचा हिस्सा न्यायालयात जमा ठेवून, उच्च न्यायालयातला आदेश झाल्यावर काढायचा. पुढच्या तारखांचे चेक घेऊ नका. वटले नाहीत तर आणखी एक केस अंगावर. सगळं नीट मिटलेलं असेल तर सहा महिन्यांची वाट पाहण्याची अट न्यायालय माफ करू शकतं, २०१७ च्या निकालापासून.

"यापुढे कधीही पोटगी मागणार नाही" ही ओळ पतीचे वकील हमखास घालतात. भरीव रक्कम घेऊन पूर्ण आणि अंतिम तडजोड झाली असेल तर तिला अर्थ आहे. हातात काहीच न देता लिहून घेतलेलं हक्कसोडपत्र मात्र सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम १२५ च्या हक्काबाबत तसं म्हटलं आहे. नुसत्या त्या ओळीवर पतीने निर्धास्त राहू नये, आणि पत्नीने ती वाचल्याशिवाय सही करू नये.

पायरी ७: हुकूमनाम्यानंतर

प्रमाणित प्रती दोन-तीन काढून ठेवा. बँक, सोसायटी, पासपोर्ट, शाळा सगळीकडे लागतात. पैसे फक्त बँकेतून. रोख दिलेल्या पोटगीचा पुरावा दोघांकडेही राहत नाही.

परिस्थिती बदलली, म्हणजे नोकरी गेली, मोठं आजारपण आलं किंवा पगार दुप्पट झाला, तर रक्कम कमी-जास्त करण्याचा अर्ज दोघांनाही करता येतो. पतीने स्वतःच्या अधिकारात रक्कम अर्धी करून पाठवणं हा त्याला पर्याय नाही. अर्ज मंजूर होईपर्यंत जुनाच आकडा चढत राहतो.

आणि थकलं तर वाट बघत बसू नका. कलम १४४ च्या आदेशाच्या वसुलीसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. अर्ज वेळेत असेल तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दिवाणी हुकूमनामा असेल तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून पगार किंवा मालमत्ता जप्त करायची. तीन महिने थकले की पहिली नोटीस जाऊ द्या.